नाव नोंदलं, पुढं काय?

1933 साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत कमला भागवत रसायनशास्त्र घेऊन पहिल्या आल्या आणि त्यांनी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडं अर्ज केला. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघंही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. घरात त्या संस्थेला ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणत आणि कमलाबाईंनी तिथं जाणं घरच्यांना स्वाभाविक वाटत होतं. अर्ज मात्र नाकारला गेला. संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळून त्यांना तीन वर्षं झाली होती. नकाराचं कारण गुणांमध्ये नव्हतं. अर्जदार मुलगी होती, एवढंच.

कमलाबाई बंगलोरला गेल्या, रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि प्रवेश मिळाल्याशिवाय हलणार नाही म्हणाल्या. प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी धरलं जाणार नव्हतं. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, अगदी रात्री उशिरापर्यंत, काम करावं लागणार होतं. आणि प्रयोगशाळेतलं वातावरण त्यांच्यामुळं बिघडता कामा नये, असंही बजावण्यात आलं. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या बहिणीचा संशोधनातला पहिला दिवस असा उगवला. त्यातला अपमान त्या पुढं कधीच विसरल्या नाहीत आणि अनेक दशकांनी जाहीर व्यासपीठावरून त्यांनी तो बोलून दाखवला.

त्याच वर्षी त्यांना मार्गदर्शक मिळाले ते एम. श्रीनिवासय्या. शिस्तीला कडक, पण शिकवायला हात न आखडणारा माणूस. जीवरसायनशास्त्रातलं जुनं आणि नवं साहित्य त्यांनी कमलाबाईंकडून वाचून घेतलं आणि त्या क्षेत्रातल्या नामवंत शास्त्रज्ञांना पत्रं लिहायला लावली. दूध, डाळी आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवरचं कमलाबाईंचं काम तिथं उभं राहिलं. वर्षाअखेरीस रामन यांनी त्यांना नियमित केलं, आणि पुढं संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. 1936 मध्ये त्या विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. झाल्या.

ही कहाणी स्त्रीच्या जिद्दीची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण संशोधनाला नव्यानं लागणाऱ्या मुलामुलींच्या बाजूनं ती वाचली, तर त्यातून आणखी एक गोष्ट दिसते. कमलाबाईंवर झालेला अन्याय उघड होता आणि त्या उघड बोलून त्याच्याशी भांडू शकल्या, कारण दरवाजा कुठं आहे हे त्यांना ठाऊक होतं. संशोधनसंस्था कशी चालते, संचालकांना थेट भेटता येतं, अर्ज फेटाळला तरी बोलणं संपत नाही, हे सांगणारी दोन माणसं घरातच होती. आज महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत पीएच.डी.साठी नाव नोंदवणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या घरात असं एकही माणूस नसतं. आईवडील शेतात किंवा मजुरीवर, घरातला पहिला पदवीधर तोच किंवा तीच. त्यांच्यावर कुणी लेखी अटी लादत नाही. पण न लिहिलेल्या अटी असतात, आणि त्या कुणीच सांगत नाही.

पहिल्या दिवशी होणाऱ्या स्वागतपर कार्यक्रमात काय सांगितलं जातं? बहुतेक ठिकाणी कुलगुरूंचं किंवा अधिष्ठात्यांचं भाषण, ग्रंथालयाची ओळख, रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र, अंतर्गत तक्रार समितीची माहिती आणि शेवटी चहा. हे सगळं आवश्यक आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता विभागात जाऊन नेमकं काय करायचं, हे त्यात नसतं. एम.ए.ला वेळापत्रक होतं, तास होते, परीक्षा होती. इथं एक टेबल मिळतं, तेही मिळालं तर. गाईड म्हणतात, वाचन सुरू करा. काय वाचायचं, किती वाचायचं, वाचून झाल्यावर काय करायचं, हे विचारायचा धीर होत नाही. विचारलं तर आपल्याला काही येत नाही हे उघडं पडेल, अशी भीती असते. मग दिवस पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात जातो किंवा कँटीनमध्ये, आणि पहिले सहा महिने कसे गेले ते कळत नाही.

बाबासाहेब आंबेडकरांचेही सुरुवातीचे महिने असेच गेले होते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीचा करार त्यांनी 4 जून 1913 रोजी केला: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल वसतिगृहात खोली मिळाली, पण तिथलं जेवण मानवेना, म्हणून ते थोड्याच दिवसांत कॉस्मोपॉलिटन क्लबात राहायला गेले. खेळ, फिरणं, नवं शहर यांत काही महिने निघून गेल्याची नोंद त्यांच्या चरित्रांत आहे. मग एका रात्री त्यांनी स्वतःचा हिशेब मांडला. घर कुणाच्या जिवावर चाललंय, शिष्यवृत्तीचे महिने किती उरलेत, आपण इथं कशाला आलो. त्यानंतर सुरू झाला तो अठरा-अठरा तासांचा अभ्यास.

त्या अभ्यासाचा आवाका पाहिला तर नवा संशोधक चकित होईल. कोलंबियात त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांत अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4 आणि राज्यशास्त्राचे 3 होते, शिवाय फ्रेंच आणि जर्मनचे प्राथमिक वर्ग. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यानं मानववंशशास्त्राच्या वर्गात कशाला बसावं, असं त्यांना कुणी विचारलं नाही. आणि त्याच वर्गातून, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, 9 मे 1916 रोजी त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. पुढच्या आयुष्याचा धागा ज्या प्रश्नात होता, तो मुख्य विषयाच्या बाहेरच्या वर्गात सापडला. आपल्याकडं नव्या संशोधकाला पहिल्याच महिन्यात ‘विषय ठरला का?’ असं विचारतात. विषय ठरण्याआधी शेजारच्या विभागांत जाऊन बसायला कुणी सांगत नाही. कोर्सवर्कचे महिने खरं तर त्यासाठीच असायला हवेत.

आता नियम काय सांगतात ते बघायला हवं, कारण नव्या विद्यार्थ्याला ते सहसा ऐकीव स्वरूपातच भेटतात. विद्यापीठ अनुदान आयोगाची पीएच.डी.साठीची सध्याची नियमावली नोव्हेंबर 2022 ची आहे. कोर्सवर्कसह कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. फेरनोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात. स्त्रियांना आणि 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. मातृत्व आणि बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात 240 दिवसांपर्यंत रजा आहे. लग्नामुळं किंवा अन्य कारणानं संशोधक स्त्रीला गाव बदलावं लागलं, तर काम दुसऱ्या विद्यापीठात नेता येतं. कोर्सवर्क किमान 12 श्रेयांकांचं, आणि त्यात संशोधन व प्रकाशन नीतीचा अभ्यासक्रम सक्तीचा. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापून आणण्याची पूर्वीची सक्ती या नियमावलीत राहिलेली नाही. असं असूनही पैसे भरून कुठल्यातरी नियतकालिकात घाईघाईनं लेख छापून आणणारे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आजही भेटतात. जुनी सक्ती गेल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नसते.

गाईडबद्दलचे नियमही माहीत असायला हवेत. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या शिक्षकाकडं नवा विद्यार्थी देता येत नाही. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संशोधन सल्लागार समिती असते आणि दर सत्राला तिच्यापुढं उभं राहून कामाची प्रगती सांगायची असते. बोलीभाषेत तिला ‘आरएसी’ म्हणतात. अनेक विद्यार्थी तिला वार्षिक परीक्षेसारखं घाबरतात. प्रत्यक्षात गाईडशी मतभेद झाले, काम अडलं, साधनं मिळेनाशी झाली, तर ते मांडायची एक अधिकृत जागा हीच समिती आहे. हे पहिल्या आठवड्यात सांगितलं, तर पुढची कितीतरी मनस्तापाची प्रकरणं टळतील.

गाईड आणि विद्यार्थी हे नातं आपल्याकडं गुरुशिष्याच्या साच्यात घातलं जातं. त्यातला आदर हवाच. पण त्या साच्यात एक चूक बसून राहते: गुरूचं म्हणणं खोडून काढणं म्हणजे उद्धटपणा. संशोधनात तोच तर उद्योग आहे. इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. सासरे धोंडो केशव कर्वे यांना ते जाणं मान्य नव्हतं. पती दिनकर मात्र पाठीशी उभे होते, आणि जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन प्रवासखर्चाची सोय झाली. बर्लिनमध्ये मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशशास्त्रातलं मोठं प्रस्थ. गोऱ्या वंशाच्या कवटीची ठेवण निराळी आणि ती बुद्धीच्या श्रेष्ठतेशी निगडित, असं गृहीतक त्यांच्या मनात होतं. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या, आणि आकड्यांतून तसं काही निघालं नाही. तेव्हा निघालं नाही असंच त्यांनी प्रबंधात लिहिलं. परक्या देशात, कर्जाच्या पैशावर, ज्याच्या हातात पदवी त्याच्याच गृहीतकाविरुद्ध. पदवी मिळाली, पण गुण बेताचे पडले. पुढं त्याच इरावतीबाईंनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्राच्या कितीतरी विद्यार्थ्यांची सुरुवात करून दिली. संशोधनाच्या नीतीचा अभ्यासक्रम शिकवताना वाङ्मयचौर्याच्या टक्केवारीआधी ही 149 कवट्यांची हकीकत सांगायला हवी.

टक्केवारीचंही सांगायला हवं. 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर कारवाई नाही. 10 ते 40 टक्क्यांत सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा सादर करायचं. 40 ते 60 टक्क्यांत एक वर्षाची बंदी. 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पण विद्यार्थी चुकतो तो बहुधा चोरीच्या हेतूनं नाही. टिपण काढताना पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरतं, शेजारी पान क्रमांक लिहिलेला नसतो, आणि दोन वर्षांनी ते वाक्य आपलंच वाटायला लागतं. उपाय पहिल्या दिवसापासूनचा आहे. दुसऱ्याचं वाक्य अवतरणात, पान क्रमांकासह. स्वतःचा विचार वेगळ्या शाईत. झोटेरोसारखं मोफत सॉफ्टवेअर पहिल्या आठवड्यात शिकून घेतलं, तर प्रबंधाची संदर्भसूची शेवटच्या महिन्यात रात्री जागून करावी लागत नाही.

वाचायचं कसं, हा खरा कळीचा भाग, आणि त्यावर जरा थांबायला हवं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले संगणकशास्त्राचे तेव्हाचे प्राध्यापक एस. केशव यांनी 2007 मध्ये शोधनिबंध वाचण्याची रीत सांगणारा छोटासा लेख लिहिला. त्यांचं म्हणणं साधं आहे. निबंध एकदाच सलग वाचू नये, तीन फेऱ्यांत वाचावा. पहिली फेरी पाच-दहा मिनिटांची: शीर्षक, सारांश, प्रस्तावना, उपशीर्षकं, निष्कर्ष आणि संदर्भांवर एक नजर. तेवढ्यात हा निबंध आपल्या कामाचा आहे की नाही ते समजतं. दुसरी फेरी तासाभराची, आकृत्या आणि तक्ते नीट बघत. तिसरी फेरी फक्त निवडक निबंधांसाठी, आणि नवशिक्याला तिला चार-पाच तासही लागतात, कारण लेखकानं जे केलं ते मनात पुन्हा करून बघायचं असतं. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला या रीतीचा दुप्पट फायदा होतो. इंग्रजी निबंधाच्या पहिल्या ओळीपासून शब्दकोश घेऊन बसलं की चौथ्या पानावर दम निघतो, आणि दोष आपल्या इंग्रजीचा आहे असं वाटून माणूस खचतो. दोष पुष्कळदा रीतीचा असतो.

त्याच्या तीस वर्षं आधी, 1977 मध्ये, इटालियन लेखक उंबेर्तो एको यांनी प्रबंध कसा लिहावा यावर पुस्तक लिहिलं. कादंबरीकार म्हणून जगाला माहीत होण्याच्या आधीची ही गोष्ट. इटलीत 1969 नंतर विद्यापीठांची दारं सर्व प्रकारच्या शाळांतून आलेल्यांना उघडली आणि वर्ग तुडुंब भरले. प्राध्यापकाला विद्यार्थ्याचं तोंड दिसेना. नोकरी करून शिकणारे, गावाकडून येणारे, घरात पुस्तकं नसलेले विद्यार्थी प्रबंधाला बसले. एकोंनी पुस्तक लिहिलं ते त्यांच्यासाठी. गावच्या छोट्या ग्रंथालयात बसून सूची कशी तयार करायची, पुठ्ठ्याच्या कार्डांवर टिपणं कशी ठेवायची, विषय किती लहान घ्यायचा, सगळं तपशीलवार. विषय जितका आटोपशीर, तितकं काम चांगलं, हा त्यांचा आग्रह होता. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली: झेरॉक्स काढून ठेवली म्हणजे पुस्तक वाचलं असं वाटू लागतं, त्या समाधानापासून सावध राहा. आज झेरॉक्सच्या जागी पीडीएफ आल्या. लॅपटॉपवरच्या फोल्डरात साठलेल्या पाचशे फायलींपैकी उघडलेल्या किती, हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या प्रत्येक संशोधकानं स्वतःला विचारण्यासारखा आहे.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची आजची स्थिती त्या इटलीसारखीच आहे. दारं उघडली, ही अभिमानाची गोष्ट. आत आल्यावर कुठं वळायचं ते सांगणारं तसं पुस्तक मात्र मराठी विद्यार्थ्याच्या हातात पहिल्या दिवशी पडत नाही. संशोधनपद्धतीची मराठी पुस्तकं आहेत, पण त्यातली बरीचशी परीक्षेसाठी लिहिलेली: संशोधनाचे प्रकार, व्याख्या, गुणदोष. टेबलावर बसल्यावर पहिला तास कसा घालवायचा, ते त्यांत नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याचा पहिला तास कसा असतो ते पाहावं. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कोट्यवधी कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रुमाल मागवायचा, तो टेबलावर येतो, गाठ सुटते, आणि समोर मोडी. एम.ए.ला पहिला वर्ग मिळवलेला विद्यार्थी त्या क्षणी निरक्षर होतो. अक्षर लागलं तरी शब्द तुटत नाहीत, शब्द तुटले तरी तारीख लागत नाही, कारण ती असते ‘छ’ लावून चंद्राच्या हिशेबानं आणि शुहूर सनात. मग कुणीतरी वडीलधारा अभ्यासक शेजारून सांगतो की खरे जंत्री घे. गणेश सखाराम खरे यांची ती जंत्री जवळ नसेल, तर तो कागद मुका राहतो. आधी गो. स. सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात निवडून छापलेले पेशवे दफ्तराचे 45 खंड चाळावेत, मग मूळ रुमालाला हात घालावा, भारत इतिहास संशोधक मंडळातला मोडीचा वर्ग त्याआधीच करून ठेवावा: हा क्रम सांगायला पाच मिनिटं लागतात. तो कुणी सांगितला नाही तर वर्ष जातं. प्रत्येक विषयात असे पाच-पाच मिनिटांचे क्रम आहेत.

म्हणून पूर्वसुरींचे प्रबंध पाहणं फार मोलाचं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ भांडारात देशातले पाच लाखांहून अधिक प्रबंध मोफत वाचायला मिळतात. आपल्या विभागातले, आपल्या गाईडच्या हाताखाली झालेले शेवटचे चार प्रबंध पहिल्या महिन्यात उघडले, तर किती पानं, किती प्रकरणं, संदर्भ कसे द्यायचे, गाईडना काय आवडतं, याचा अंदाज येतो. चांगला प्रबंध कसा असतो ते कळतं, आणि वाईट कसा असतो तेही.

पैशाचा विषय स्वागताच्या भाषणात येत नाही. तो आला पाहिजे, कारण पहिल्या वर्षी संशोधन सुटतं ते बहुधा पैशापायीच. नेट उत्तीर्ण होऊन कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, मिळाली तर 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि दोन वर्षांनंतर 42,000, शिवाय नियमानुसार घरभाडं. पण ती परीक्षाच कधी अडते. 18 जून 2024 रोजी नऊ लाखांहून अधिक उमेदवारांनी दिलेली नेट दुसऱ्याच दिवशी रद्द झाली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झाली. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांवर हजारो संशोधक अवलंबून आहेत. बार्टीच्या 2021 च्या तुकडीतल्या 861 संशोधकांना सरसकट अधिछात्रवृत्ती मिळावी, म्हणून 2023 मध्ये विद्यार्थी मुंबईच्या आझाद मैदानावर कितीतरी दिवस धरणं धरून बसले होते. ज्या महिन्यांत त्यांनी वाचायचं होतं, ते महिने मैदानात गेले. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप केंद्र सरकारनं डिसेंबर 2022 मध्ये बंदच केली.

मंजूर झालेली रक्कमही दरमहा पगारासारखी येत नाही. हजेरीचा दाखला, प्रगती अहवाल, गाईडची सही, विभागप्रमुखांची सही, विद्यापीठाच्या कक्षातला शिक्का, आणि मग पुढचा प्रवास. कधी चार-सहा महिन्यांची एकदम येते. तोवर खोलीचं भाडं, मेस, घरी पाठवायचे पैसे. वसतिगृहात जागा न मिळालेला मित्राच्या खोलीत चोरून राहतो. पुण्यात अशा मुलाला ‘पॅरासाइट’ म्हणतात. शब्द क्रूर आहे, पण ज्यांनी तसे दिवस काढले तेच तो आपुलकीनं वापरतात, आणि नव्या मुलाला गादी पसरून जागाही तेच देतात. सहा महिने पैसे आले नाहीत तरी टिकाव लागेल एवढी तजवीज करूनच यावं, कमवा व शिका योजनेचं काम सुरुवातीलाच मागावं, सह्यांचे कागद आदल्या महिन्यातच तयार ठेवावेत: हे शहाणपण ‘सीनियर’ सांगतो. त्याची ओळख झाली तर.

बाबासाहेबांचीही शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचं कर्ज घेऊन ते 1920 मध्ये पुन्हा गेले. तीन वर्षांचा खंड पडूनही काम पुरं झालं. ते बाबासाहेब होते म्हणून झालं. हजारात एकाला जमेल अशा चिकाटीवर विद्यापीठांनी आपली व्यवस्था उभी करू नये.

काही ठिकाणी चांगल्या रीती रुजल्या आहेत. जीवशास्त्रातल्या अनेक संशोधनसंस्थांत, परदेशात आणि आपल्याकडंही, विद्यार्थी पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत थोडे थोडे महिने काम करतो आणि मग गाईड निवडतो. आधी काम बघायचं, माणूस बघायचा, मग नातं जोडायचं. राज्य विद्यापीठांत विद्यार्थी अनेकदा गाईडला मुलाखतीच्या दिवशीच पहिल्यांदा भेटतो आणि पुढची सहा वर्षं बांधला जातो. आयआयटी मुंबईत पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या नव्या विद्यार्थ्यांना जुने विद्यार्थी सोबती म्हणून जोडून देणारा कार्यक्रम विद्यार्थीच चालवतात. याला फार पैसा लागत नाही. विभागात दहा संशोधक असले, तर दहा सोबती तयारच आहेत.

सोबतीची गरज केवळ माहितीपुरती नाही. पहिल्या वर्षाचं एकटेपण निराळं असतं. गावाकडं सगळ्यांना वाटतं पोरगं साहेब होणार. इकडं पोरगं महिनाभरात एक परिच्छेद लिहू शकलेलं नसतं. घरी सांगता येत नाही, विभागात सांगवत नाही. झोप उडाली, जेवण सुटलं, मन काळवंडलं, तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथं मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या जिन्यात लावलेला असावा.

कमलाबाई 1937 च्या अखेरीस केंब्रिजला पोचल्या, तेव्हा फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेतल्या जागा भरून गेल्या होत्या. बंगलोरची चार वर्षांपूर्वीची वेळ पुन्हा आली असती. तिथं काम करणारे डेरेक रिश्टर पुढं आले आणि म्हणाले की आपण रात्री काम करतो, दिवसा आपलं टेबल हिनं वापरावं. त्या टेबलापासून सुरुवात करून, पुढं रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींवर काम करताना, त्यांनी वनस्पतींच्या पेशींतलं सायटोक्रोम सी दाखवून दिलं. 1939 मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध अवघा 40 पानांचा होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर विभाग पुन्हा भरतील, आणि नव्या तुकडीची मुलं कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर बसलेली दिसतील. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या प्रत्येक संशोधकानं त्या आठवड्यात दोन पानं लिहावीत: कुठला फॉर्म कुठल्या खिडकीवर, आरएसीत काय विचारतात, पहिल्या महिन्यात कोणते तीन प्रबंध वाचावेत, पैसे अडले तर कुणाला भेटावं, आपण स्वतः कुठं चुकलो. विभागप्रमुखांनी ती पानं तपासून फलकावर लावावीत आणि दरवर्षी नवी करावीत. आणि ती मराठीत असावीत.